ऑनलाइन अध्यापन-साधने आणि साहित्याचा वर्ग : काही प्रयोगांचा अन्वयार्थ

साहित्याच्या अध्यापनात साधनांचा प्रश्न वरवर पाहता दुय्यम वाटतो. कविता छापील पुस्तकातून वाचली काय किंवा पडद्यावर वाचली काय, ती तीच राहते, अशी सर्वसाधारण समजूत असते. मार्च २०२० मध्ये करोनाच्या साथीमुळे महाविद्यालये बंद झाली आणि मराठीच्या वर्गांनाही पडद्याचा आश्रय घ्यावा लागला, तेव्हा ही समजूत अपुरी असल्याचे अनेक अध्यापकांच्या ध्यानात आले. कविता तीच होती, व्याख्यानही बहुधा तेच होते; परंतु समोरच्या चेहऱ्यांवरून अध्यापकाला जे कळत असे ते कळेनासे झाले. विद्यार्थ्याला कविता नेमकी कोठे अडली, कोणता शब्द त्याने भलत्याच अर्थाने घेतला, हे दाखविणारी खूणच नाहीशी झाली.

साथ ओसरली तरी प्रश्न संपलेला नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१६ च्या विनियमांनी 'स्वयम्' या केंद्रीय व्यासपीठावरील अभ्यासक्रमांचे श्रेयांक एका सत्रातील २० टक्के अभ्यासक्रमांपर्यंत स्वीकारण्याची मुभा विद्यापीठांना दिली होती. २०२१ च्या विनियमांनी ही मर्यादा ४० टक्क्यांवर नेली. त्यामुळे ऑनलाइन साधनांचा विचार हा आता एखाद्या उत्साही अध्यापकाच्या आवडीचा विषय राहिलेला नाही. विभागात काय शिकविले जाईल, कोण शिकवील आणि कोणाला अध्यापकाचा सहवास लाभेल, या प्रश्नांशी तो निगडित झाला आहे.

उच्च शिक्षणात या साधनांचे जे प्रयोग झाले त्यांपैकी काही निवडक प्रयोगांचा अन्वयार्थ लावणे आणि साहित्याच्या वर्गासाठी त्यातून काय हाती लागते हे पाहणे, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. या प्रयोगांतून एक कसोटी पुढे येते. अध्यापकाचे व्याख्यान किती जणांपर्यंत पोहोचते यापेक्षा विद्यार्थ्याचे वाचन अध्यापकापर्यंत पोहोचते की नाही, यावरून साधनाचे मोल ठरवावयास हवे.

१. पूर्वपीठिका : यंत्राचा पाठ आणि माणसांचे बोलणे

संगणकाच्या साह्याने शिकविण्याची कल्पना आंतरजालाहून जुनी आहे. अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात १९६० मध्ये 'प्लेटो' या नावाची संगणकीय अध्यापनव्यवस्था सुरू झाली. ग्रीक तत्त्वज्ञाशी असलेले हे नामसाम्य एका लांबलचक इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांतून साधलेले होते. व्यवस्थेची मूळ कल्पना सरळ होती : यंत्राने पाठ दाखवावा, प्रश्न विचारावा, उत्तर तपासावे आणि ते चुकल्यास विद्यार्थ्याला पुन्हा मागे न्यावे. १९७३ मध्ये डेव्हिड वूली यांनी या व्यवस्थेत 'नोट्स' नावाची एक सोय निर्माण केली. वापरणाऱ्यांनी यंत्रणेतील दोष कळवावेत आणि त्यांना तेथेच उत्तर मिळावे, एवढाच तिचा मर्यादित उद्देश होता. परंतु अल्पावधीतच लोक तेथे नाना विषयांवर एकमेकांशी बोलू लागले. पाठांची उजळणी करून घेण्यासाठी उभारलेल्या यंत्रणेत माणसांनी संवादाची जागा शोधून काढली, ही घटना पुढील सर्व प्रयोगांच्या दृष्टीने सूचक आहे.

दूरशिक्षणाचा इतिहासही हेच सांगतो. ब्रिटनमधील मुक्त विद्यापीठाने जानेवारी १९७१ मध्ये पहिल्या विद्यार्थ्यांचे शिक्षण सुरू केले. बीबीसीवरील पाठांमुळे त्याची प्रसिद्धी झाली. पण त्याचा खरा आधार छापील पाठ्यसामग्री आणि विद्यार्थ्याच्या लेखनावर अभिप्राय लिहून ते परत पाठविणारे मार्गदर्शक अध्यापक हा होता. भारतात १९८५ मध्ये स्थापन झालेले इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ आणि महाराष्ट्रात १९८९ मध्ये नाशिक येथे स्थापन झालेले यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ यांनीही स्वयंअध्ययनाच्या पुस्तकांना संपर्कसत्रांची जोड दिली, ती याच जाणिवेतून.

आंतरजालावर सर्वांना खुल्या असलेल्या विशाल अभ्यासक्रमांसाठी जी संज्ञा रूढ झाली तिचे आद्याक्षरी रूप देवनागरीत 'मूक' असे लिहिले जाते. मराठी वाचकाला त्यातील विसंगती लगेच जाणवेल. २००८ मध्ये कॅनडातील मॅनिटोबा विद्यापीठात जॉर्ज सीमेन्स आणि स्टीफन डाउन्स यांनी चालविलेल्या ज्या अभ्यासक्रमापासून ही संज्ञा प्रचारात आली तो मात्र मूक मुळीच नव्हता. शुल्क भरणारे सुमारे २५ विद्यार्थी आणि विनाशुल्क सामील झालेले २,००० हून अधिक अभ्यासक एकमेकांचे लेखन वाचून त्यावर लिहीत होते आणि त्या लेखन-प्रतिलेखनातूनच अभ्यासक्रम घडत होता. २०११ च्या शरद सत्रात स्टॅनफर्ड विद्यापीठातील सेबास्टियन थ्रन आणि पीटर नॉर्व्हिग यांनी कृत्रिम बुद्धिमत्तेचा अभ्यासक्रम सर्वांना खुला केला तेव्हा सुमारे १,६०,००० जणांनी नावे नोंदविली. या संख्येने साऱ्या जगाचे लक्ष वेधले आणि २०१२ मध्ये कोर्सेरा, युडॅसिटी, एडएक्स ही व्यासपीठे पुढे आली. येथे एक स्थित्यंतर घडले : आरंभीच्या प्रयोगातील परस्परसंवाद मागे पडला आणि नामवंत प्राध्यापकाचे चित्रित व्याख्यान, त्यास जोडलेली यंत्राने तपासावयाची प्रश्नावली, हे या अभ्यासक्रमांचे प्रमाण रूप ठरले. मराठीतील लघुरूप त्या नव्या रूपाला चपखल बसते.

२. एकाच विद्यापीठातील तीन घटना

या नव्या रूपाची परीक्षा कॅलिफोर्नियातील सॅन होजे स्टेट विद्यापीठात झाली. २०१२ आणि २०१३ या दोन वर्षांत तेथे घडलेल्या तीन घटना एकत्र ठेवून पाहिल्यास बरेच काही उमगते.

पहिली घटना अभियांत्रिकीच्या वर्गातील आहे. २०१२ च्या शरद सत्रात विद्युत्-मंडलांच्या एका तुकडीने एमआयटीचा एडएक्सवरील अभ्यासक्रम वापरला. विद्यार्थी चित्रित व्याख्याने घरी पाहत आणि वर्गातील वेळ अध्यापकाच्या देखरेखीखाली गटागटाने प्रश्न सोडविण्यात घालवीत. या तुकडीतील ९१ टक्के विद्यार्थी उत्तीर्ण झाले. नेहमीच्या पद्धतीने शिकलेल्या दोन तुकड्यांत हे प्रमाण ५९ आणि ५५ टक्के होते. एका तुकडीवरून सिद्धान्त मांडता येत नाही. नव्या प्रयोगाचा उत्साह, अध्यापकाने घेतलेले अधिक श्रम, यांचाही वाटा त्यात असणार. तरीही एक गोष्ट स्पष्ट आहे : येथे व्याख्यान वर्गाबाहेर गेले, अध्यापक गेला नाही. उलट, विद्यार्थी प्रश्न सोडवीत असताना त्याच्या शेजारी उभे राहण्याची सवड अध्यापकाला मिळाली.

दुसरी घटना २०१३ च्या आरंभीची. विद्यापीठाने युडॅसिटीच्या सहकार्याने पूरक गणित, बीजगणित आणि प्राथमिक संख्याशास्त्र हे तीन अभ्यासक्रम पूर्णतः ऑनलाइन देऊ केले. प्रत्येकाचे शुल्क १५० डॉलर, म्हणजे नेहमीच्या मानाने अत्यल्प होते. हेतू चांगला होता. परंतु एकाही विषयात उत्तीर्णांचे प्रमाण निम्म्याच्या फारसे वर गेले नाही. पूरक गणितात तर ते त्याहून पुष्कळच खाली राहिले. जुलै २०१३ मध्ये प्रयोग स्थगित झाल्याचे जाहीर करण्यात आले. प्रवेश घेतलेल्यांत तोच विषय एकदा अनुत्तीर्ण झालेले विद्यार्थी होते, शाळेत शिकणारी मुले होती आणि काहींना संगणक व आंतरजाल सहज उपलब्धही नव्हते. उन्हाळी सत्रात निकाल सुधारले खरे. पण त्या वेळच्या विद्यार्थ्यांत आधीच पदवी मिळविलेल्यांचा भरणा मोठा होता. ज्यांना कसे शिकावे हे ठाऊक होते ते शिकले आणि ज्यांना अध्यापकाची सर्वाधिक गरज होती ते मागे पडले, असाच या निकालांचा अर्थ लागतो.

तिसरी घटना मानव्यविद्येच्या अध्यापकांना अधिक जवळची वाटेल. हार्वर्डचे मायकेल सँडेल यांचा न्यायविचारावरील प्रसिद्ध अभ्यासक्रम एडएक्सवरून घेऊन तो आपल्या विद्यार्थ्यांसाठी वापरावा, असा प्रस्ताव सॅन होजेच्या तत्त्वज्ञान विभागापुढे आला. विभागाने तो नाकारला आणि एप्रिल २०१३ मध्ये सँडेल यांना एक अनावृत पत्र लिहिले. सँडेल यांच्या विद्वत्तेविषयी पत्रात शंका नव्हती. आक्षेप निराळा होता. काही विद्यापीठांतील विद्यार्थ्यांना प्रत्यक्ष प्राध्यापक लाभेल आणि इतरांना दुसऱ्याच विद्यापीठातील वर्ग पडद्यावर पाहावा लागेल, अशी दोन वर्गांची विभागणी यातून होईल. शिवाय न्यायाची एकच मांडणी देशभरच्या तत्त्वज्ञान विभागांत शिकविली जाणे त्या विषयाच्या प्रकृतीलाच प्रतिकूल आहे, असे विभागाचे म्हणणे होते. सँडेल यांनीही उत्तरादाखल, आपल्या व्याख्यानांचा उपयोग अन्य संस्थांतील सहकाऱ्यांचे स्थान दुबळे करण्यासाठी होऊ नये, अशी भूमिका घेतली.

तीनही घटनांत साधन जवळजवळ एकाच जातीचे होते. परिणाम निराळे झाले ते अध्यापकाचे स्थान कोठे राहिले यामुळे. यंत्रसामग्रीच्या गुणवत्तेवर हा फरक अवलंबून नव्हता, हे येथे विशेषत्वाने लक्षात घेतले पाहिजे.

३. कवितेचा विशाल वर्ग

गणितात उत्तर बरोबर की चूक हे यंत्र ठरवू शकते. कवितेत तसे होत नाही. तेव्हा कवितेचा अभ्यासक्रम हजारो विद्यार्थ्यांसाठी ऑनलाइन चालविणे अशक्यच, असे कोणीही म्हणेल. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील प्राध्यापक अ‍ॅल फिलराइस यांनी सप्टेंबर २०१२ मध्ये कोर्सेरावर आधुनिक आणि समकालीन अमेरिकन कवितेचा दहा आठवड्यांचा अभ्यासक्रम सुरू केला, तेव्हा त्यांच्यापुढेही हाच प्रश्न होता. पहिल्याच वर्षी ३०,००० हून अधिक जणांनी त्यासाठी नावे नोंदविली.

या अभ्यासक्रमात रूढ अर्थाने व्याख्यान नव्हते. चित्रफितीत प्राध्यापक आणि काही तरुण विद्यार्थी एका मेजाभोवती बसलेले दिसत. समोर एक कविता असे. एक जण एका शब्दाविषयी काही सुचवी, दुसरा त्याला हरकत घेई, तिसरा पुन्हा त्या ओळीकडे लक्ष वेधी. एमिली डिकिन्सन आणि वॉल्ट व्हिटमन यांच्यापासून आरंभ करून क्रमाने अधिक दुर्बोध मानल्या जाणाऱ्या प्रयोगशील कवितेपर्यंत हे वाचन पोहोचत असे. चित्रफीत संपली तरी कवितेचा अर्थ 'निश्चित' झालेला नसे. ती चर्चा पुढे चर्चामंचावर जगभरचे वाचक चालू ठेवीत. लहान निबंध लिहावे लागत आणि त्यांचे परीक्षण सहाध्यायी करीत. आठवड्यातून एकदा थेट प्रक्षेपणाद्वारे प्राध्यापक आणि त्यांचे सहकारी प्रश्नांना सामोरे जात.

या प्रयोगाचे वैशिष्ट्य असे की, त्याने पडद्यावर कवितेचा अर्थ दाखविला नाही, अर्थ लावण्याची क्रिया दाखविली. वाचन ही कृती एरवी अदृश्य असते. निष्णात वाचक कोठे थांबतो, कोणत्या शब्दावर परत येतो, आपला पहिला तर्क कसा मागे घेतो, हे विद्यार्थ्याला सहसा दिसत नाही. त्याच्या हाती लागते ते वाचनाचे फलित, म्हणजे तयार विवरण. मराठीच्या वर्गात मार्गदर्शिकांचे जे वर्चस्व दिसते त्याचे मूळही येथेच आहे. विवरण पाठ करता येते. विवरणापर्यंत पोहोचण्याची वाट पाठ करता येत नाही.

अर्थात या प्रयोगालाही मर्यादा होत्या. नावे नोंदविणाऱ्यांच्या मानाने अभ्यासक्रम पूर्ण करणारे थोडेच होते. जे टिकले ते बहुधा आधीपासून वाचनाची आवड असलेले, इंग्रजी सहज जाणणारे, पदवीच्या सक्तीपासून मुक्त असलेले प्रौढ वाचक होते. शिवाय एवढ्या चर्चेला दिशा देण्यासाठी मोठा साहाय्यकवर्ग राबत होता. संवाद फुकट मिळाला नाही, ही बाब विसरता कामा नये.

४. मराठीचा वर्ग आणि चौथा पाद

'स्वयम्' या व्यासपीठाचे औपचारिक उद्घाटन ९ जुलै २०१७ रोजी झाले. त्यावरील अभ्यासक्रमांसाठी चार पादांची रचना ठरविलेली आहे : चित्रित पाठ, वाचनसामग्री, स्वयंमूल्यमापन आणि चर्चामंच. या चार पादांत एक मूलभूत भेद आहे. पहिले तीन एकदा तयार केले की वर्षानुवर्षे वापरता येतात. चौथा मात्र प्रत्येक तुकडीगणिक नव्याने घडवावा लागतो. त्याला दर वेळी माणूस लागतो. म्हणून जेथे खर्च आणि मनुष्यबळ वाचविणे हा हेतू असेल तेथे सर्वांत आधी दुर्लक्ष होण्याचा संभव चौथ्या पादाकडेच आहे. आणि साहित्याच्या अध्यापनाचा प्राण नेमका त्यातच आहे.

एक उदाहरण घेता येईल. संतकवितेत 'उदास' हा शब्द पुष्कळदा येतो. आजच्या विद्यार्थ्याच्या मनात तो ऐकताच खिन्न, दुःखी हा अर्थ उभा राहतो. संतसाहित्यात मात्र अनेक ठिकाणी त्याचा अर्थ विरक्त, अनासक्त, तटस्थ असा असतो. अध्यापकाने व्याख्यानात हा अर्थ सांगितला तर विद्यार्थी तो वहीत उतरून घेतो. वस्तुनिष्ठ प्रश्नावलीत 'उदास म्हणजे काय?' असे विचारले तर तो अचूक पर्यायही निवडतो. परंतु संपूर्ण अभंग त्याने दुःखाचा उद्गार म्हणून वाचला होता, आणि एका शब्दाचा अर्थ बदलल्यावरही अभंगाविषयीचे त्याचे एकंदर आकलन तसेच राहिले आहे, हे ना व्याख्यानातून कळते ना प्रश्नावलीतून. यासाठी विद्यार्थ्याने, अध्यापकाने काही सांगण्यापूर्वी, अभंगाच्या समासात आपल्याला काय वाटले ते लिहिले पाहिजे.

अशा समासटीपांसाठी साधने उपलब्ध आहेत. हायपोथिसिस, किंवा हार्वर्डमधील अध्यापनप्रयोगांतून पुढे आलेले परुसॉल, यांसारख्या साधनांत संहितेच्या कोणत्याही शब्दावर खूण करून टीप लिहिता येते आणि ती सर्व वर्गाला दिसते. अशी साधने नसली तरी ऑस्ट्रेलियात मार्टिन डूगियामास यांनी विकसित केलेल्या आणि २००२ पासून विनामूल्य उपलब्ध असलेल्या 'मूडल'मधील चर्चामंचावर, किंबहुना सामायिक दस्तऐवजावरही, हे काम भागू शकते. अध्यापकाने वर्गापूर्वी या टीपा वाचल्या की तासाला काय शिकवावयाचे हे त्यातूनच ठरते. तीस जणांनी 'उदास' या एकाच शब्दावर अडखळून टीप लिहिली असेल, तर तासाचा आरंभ तेथून करावा हे उघड आहे.

अर्थशोधाची साधनेही आता विद्यार्थ्याच्या आवाक्यात आली आहेत. मोल्सवर्थचा १८५७ चा कोश आणि शं. गो. तुळपुळे व अ‍ॅन फेल्डहाउस यांचा प्राचीन मराठीचा कोश शिकागो विद्यापीठाच्या दक्षिण आशियाई कोशसंग्रहातून आंतरजालावर पाहता येतात. मराठी विश्वकोशाचे खंडही खुले आहेत. ज्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयात हे कोश कधी आलेच नाहीत तेथील विद्यार्थ्याला लीळाचरित्रातील एखाद्या लीळेतील शब्द स्वतः शोधता यावा, दोन मुद्रित आवृत्त्यांतील पाठ शेजारी ठेवून त्यांतील भेद टिपता यावा, ही गोष्ट सामान्य नव्हे. पाठभेद म्हणजे काय हे व्याख्यानातून ऐकणे आणि दोन पाठांपैकी एकाची निवड करून त्या निवडीचे कारण चार ओळींत लिहिणे, यांत अभ्यासाच्या दृष्टीने मोठे अंतर आहे.

साहित्याच्या वर्गाला आणखी एक सोय आहे, तिच्याकडे क्वचितच लक्ष दिले जाते. तासाभराच्या चित्रित व्याख्यानाला शेकडो मेगाबाइट लागू शकतात. देवनागरीतील प्रत्येक चिन्हाला यूनिकोडच्या प्रचलित पद्धतीत तीन बाइट लागतात, असे धरले तरी तीस ओळींची कविता दोन-तीन किलोबाइटांत मावते. घरात एकच मोबाइल आणि तोही भावंडांत वाटून घेतलेला, अशा परिस्थितीतील विद्यार्थ्यालाही कविता आणि तिच्यावरील टीपा सहज पोहोचू शकतात. मजकूर यूनिकोडमध्ये असणे मात्र आवश्यक आहे. जुन्या टंकांत मुद्रित केलेली टिपणे अन्य यंत्रावर निरर्थक चिन्हांच्या रूपात उमटतात आणि त्यांत शब्दशोधही करता येत नाही.

५. मर्यादा आणि निष्कर्ष

या पद्धतीच्या अडचणीही तितक्याच खऱ्या आहेत. पहिली अडचण नियोजनाची. फेब्रुवारी २०१३ मध्ये जॉर्जिया टेक या संस्थेचा कोर्सेरावरील एक अभ्यासक्रम आठवडाभरातच थांबवावा लागला. सुमारे ४०,००० जणांना एका सामायिक तक्त्यात नावे लिहून गट करावयास सांगितले गेले आणि तो तक्ता त्या भाराने कोलमडला. अभ्यासक्रमाचा विषय ऑनलाइन अध्यापनाचे नियोजन हाच होता. साठ विद्यार्थ्यांच्या वर्गातही समासटीपांचे गट दहा-दहांचे असावेत. एरवी पहिल्या पाच जणांनी लिहिले की इतरांना लिहिण्याजोगे काही उरत नाही.

दुसरी अडचण अलीकडची. नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी सर्वांना उपलब्ध झाले आणि अशी यंत्रणा मराठीतही सफाईदार टिपण लिहून देते. त्यामुळे केवळ लिखित टीप हा विद्यार्थ्याने वाचल्याचा पुरावा मानता येत नाही. यावर उपाय जुनाच आहे : टीप ज्याची, त्याने ती वर्गात बोलून दाखवावी आणि तिच्यावरील प्रश्नाला तेथेच उत्तर द्यावे. ऑनलाइन साधन जसजसे समर्थ होत जाईल तसतशी प्रत्यक्ष वर्गाची गरज कमी न होता वाढेल, असे यावरून दिसते.

तिसरी अडचण सर्वांत मोठी आणि तिचा संबंध अध्यापकाच्या कार्यभाराशी आहे. साठ विद्यार्थ्यांनी एका कवितेवर प्रत्येकी तीन टीपा लिहिल्या तर त्या १८० होतात. एकेका टीपेला एक मिनिट दिले तरी तीन तास लागतात. तासिकांच्या हिशेबात या तीन तासांना स्थान नाही. चित्रित व्याख्यानामुळे वाचलेला वेळ अध्यापकाच्या पदरात टाकला नाही, आणि तो वाचला म्हणून पदच कमी केले, तर सॅन होजेच्या तत्त्वज्ञान विभागाने व्यक्त केलेली भीती मराठी विभागांच्या बाबतीतही खरी ठरेल. त्याचा पहिला फटका बसेल तो आडगावच्या महाविद्यालयातील, घरात पुस्तक नसलेल्या विद्यार्थ्याला. पूरक गणिताच्या प्रयोगात मागे पडले तेही त्याच्यासारखेच होते.

म्हणून एखादा ऑनलाइन अभ्यासक्रम किंवा साधन स्वीकारताना विभागाने तीन गोष्टी तपासून घ्याव्यात : विद्यार्थी त्यात संहितेवर स्वतः काही लिहितो काय, त्याने लिहिलेले कोणी नावानिशी वाचतो काय, आणि त्या वाचनाचा वेळ अध्यापकाच्या कार्यभारात मोजला जातो काय. पहिल्या दोहोंची उत्तरे साधनाच्या रचनेत सापडतील. तिसऱ्याचे उत्तर विद्यापीठाने द्यावयाचे आहे, आणि ते अनुकूल मिळाले नाही तर पहिली दोन उत्तरे कागदावरच राहण्याचा धोका आहे.